मणका किती सरकला, त्याआधी का सरकला ते पाहू

सातारा जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेचं पत्र, थोडक्यात:

‘मी ५६ वर्षांची आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दोन वर्षांपासून कंबर धरते. आता एस.टी. स्टँडवरून घरी चालत येताना पोटऱ्या भरून येतात, पाय बधिर होतात, मध्ये कुठेतरी टेकावंच लागतं. बसलं की दोन मिनिटांत मोकळं वाटतं. स्वयंपाक करताना ओट्यावर कोपरं टेकून वाकलं तरी बरं वाटतं. एक्स-रेत एल४ मणका एल५वर पुढे सरकलाय, ग्रेड १, असं आलं. एका डॉक्टरांनी स्क्रू टाकून ऑपरेशन करा म्हणून सांगितलं, दुसरे म्हणाले व्यायाम करा. सासूबाईंच्या मते सिझेरियनच्या वेळी पाठीत दिलेल्या इंजेक्शनानं हे झालं. शेजारच्या गावात एक जण हातानं मणका बसवून देतो म्हणे. त्यातच माझ्या बहिणीच्या १६ वर्षांच्या मुलाचा रिपोर्ट आला. तो फास्ट बोलिंग करतो. त्याचाही मणका सरकलाय, एल५, ग्रेड १च. हे आमच्या घराण्यातच आहे का? मला लुळेपण येईल का? दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबर लोणंद ते फलटण चालते. यंदा जाऊ का?’

ताई,

तुमच्या आणि भाच्याच्या रिपोर्टवर शब्द एकच आहे, स्पॉन्डिलोलिस्थेसिस, आणि ग्रेडही एकच. तेव्हा हे घराण्यातलं असावं असं मनात येणं साहजिक आहे. पण तुमचा मणका ज्या कारणानं सरकला त्याचा भाच्याच्या कारणाशी काही संबंध दिसत नाही. त्रास वेगळा, पुढचा प्रवास वेगळा, उपायही वेगळे. दोन डॉक्टरांनी दोन सल्ले दिले म्हणून तुम्ही गोंधळलात, पण मणका का सरकला हे त्यांच्यापैकी कुणी सांगितल्याचं तुमच्या पत्रात कुठे नाही. ते कळलं की निम्मी भीती कमी होईल, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

‘गादी सरकली’ म्हणतात तो आजार निराळा. त्यात दोन मणक्यांमधली मऊ चकती बाहेर येऊन नस दाबते. तुमच्याकडे हाडाचा मणकाच खालच्या मणक्यावरून पुढे आला आहे.

कमरेत पाच मणके असतात, एल१ ते एल५, आणि त्यांच्याखाली त्रिकास्थी, म्हणजे माकडहाडाच्या वरचं त्रिकोणी हाड. प्रत्येक मणक्याचा पुढचा भाग जाड, गोल, वजन पेलणारा. मागे हाडाची कमान, आणि दोहोंच्या मधल्या पोकळीतून नसा खाली उतरतात. कमानीला दोन्ही बाजूंना वर आणि खाली अशी टोकं असतात. वरच्या मणक्याची खालची टोकं खालच्या मणक्याच्या वरच्या टोकांमागे अडकून बसतात. हे छोटे सांधे म्हणजे फॅसेट. कमरेचा तळ पुढच्या बाजूला उतरता असतो, त्यामुळे शरीराचं वजन खालच्या मणक्यांना दिवसभर पुढे ढकलत असतं. तरी ते जागेवर राहतात, कारण फॅसेट कडी-कोयंड्यासारखे अडवून धरतात. यातल्या कडीचा सर्वांत बारीक, नाजूक भाग म्हणजे वरच्या आणि खालच्या टोकाला जोडणारी हाडाची अरुंद पट्टी. तिला पार्स म्हणतात.

मणका पुढे सरकला म्हणजे हा कडी-कोयंडा कुठेतरी निकामी झाला. कुठे आणि कशानं, त्यावरून प्रकार ठरतो. विल्त्से, न्यूमन आणि मॅकनॅब या तिघांनी १९७६ साली केलेली विभागणी डॉक्टर आजही वापरतात. त्यात पाच प्रकार होते: जन्मजात घडणीचा, पार्सचा, झिजेचा, अपघाताचा आणि हाडाच्या आजाराचा. शस्त्रक्रियेनंतरचा सहावा पुढे जोडला गेला.

तुमचा एक्स-रे मी पाहिलेला नाही, पण तुमचं वय, बाई असणं आणि एल४ एल५वर सरकणं, तिन्ही खुणा झिजेच्या प्रकाराकडे जातात. हा प्रकार पन्नाशीनंतरचा, पुरुषांपेक्षा बायकांमध्ये कितीतरी जास्त आढळणारा, आणि बहुतेक वेळा नेमका एल४-एल५ याच जागी होणारा. यात हाड कुठेही मोडलेलं नसतं. वयाबरोबर चकतीतलं पाणी कमी होतं, तिची उंची घटते, मणक्यांना बांधून ठेवणारे स्नायुबंध सैल पडतात आणि सगळा भार फॅसेटवर येतो. तिथली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर, झिजते. कडी शाबूत असते, पण कोयंड्यात खुळखुळू लागते, आणि मणका सावकाश, कैक वर्षांत, थोडा पुढे येतो. एल४च का, तर एल५ला कमरेच्या हाडाशी बांधणारे स्नायुबंध फार मजबूत असतात. तो हलत नाही, मग ताण त्याच्या वरच्यावर येतो. ज्यांच्या फॅसेटची ठेवणच पुढे-मागे सरकायला वाव देणारी असते, त्यांच्यात हे लवकर घडतं.

आता तुमच्या पोटऱ्या का भरून येतात ते पाहा. तुमच्या मणक्याची मागची कमान अखंड आहे. त्यामुळे मणका पुढे आला तशी कमानही त्याच्याबरोबर पुढे आली, आणि नसांची वाट तिथे अरुंद झाली. त्यात झिजलेल्या फॅसेटवर हाडाची वाढ होते, आतला स्नायुबंध जाड होऊन वाटेत फुगतो. ताठ उभं राहिलं, चाललं, की ही वाट आणखी आवळते. पुढे वाकलं किंवा बसलं की ती उघडते. ओट्यावर कोपरं टेकल्यावर तुम्हाला जे बरं वाटतं ते याच कारणानं. अशा माणसांना चढ चढायला फारसा त्रास होत नाही, कारण चढताना आपण आपोआप पुढे झुकतो; उतार मात्र नकोसा होतो. सायकलही जमते. तुम्ही हे बारकाईनं लिहिलंत याचा मोठा उपयोग झाला. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी चालताना पोटऱ्या दुखतात, पण तिथे नुसतं थांबून उभं राहिलं तरी आराम पडतो, बसावं किंवा वाकावं लागत नाही. मधुमेह असेल तर पायाची नाडी एकदा तपासून घ्या. दोन्ही आजार एकाच माणसात असू शकतात.

लुळेपणाच्या भीतीबद्दल. झिजेच्या प्रकारात मणका सहसा पाव भागाच्या आसपासच थांबतो, फार तर तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. मागची कमान अखंड असल्यामुळे ती खालच्या मणक्याला अडते आणि पुढे जाऊ देत नाही. एके दिवशी खिंडीतल्या खड्ड्यात एस.टी. आदळेल आणि मणका निसटून पाय जातील, असं चित्र तुमच्या मनात असेल तर ते पुसून टाका. नसांवर दाब वाढला तरी तो हळूहळू वाढतो आणि आधी खुणा दाखवतो. त्या खुणा मात्र पाठ असू द्या: लघवी अडणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, बसताना टेकतो त्या जागेची आणि जांघेची संवेदना जाणं, पाऊल लोंबू लागणं, दोन्ही पायांतली ताकद झपाट्यानं कमी होणं. यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न पाहता, त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात जायचं.

सासूबाईंना सांगा, पाठीतल्या इंजेक्शनानं मणका सरकत नाही. ती सुई दोन मणक्यांच्या मधल्या मऊ भागातून जाते आणि अगदी बारीक असते. कडीला किंवा सांध्याला ती इजा करू शकत नाही. जागा काही दिवस दुखते, काहींचं डोकं दुखतं, बहुतेकांत तेवढंच. ही समजूत घराघरांत इतकी मुरली आहे की तिच्या धास्तीनं बाया सिझेरियनच्या वेळी भूल घ्यायला कचरतात, म्हणून जरा ठासून लिहितो आहे. बाळंतपणात कंबर घट्ट बांधली नाही म्हणून असं होतं, हेही खरं नाही. गरोदरपणात आणि पाळी गेल्यावर स्नायुबंधांत होणाऱ्या बदलांचा या आजाराशी संबंध जोडला जातो, पण त्यात तुमची चूक कुठेच नाही. वर्षानुवर्षं डोक्यावरून हंडे आणले असतील तर चकतीच्या झिजेला त्याचा हातभार लागलेला असू शकतो. एखाद्या दिवशी जड काही उचललं आणि मणका सरकला, असं या प्रकारात होत नाही. त्या दिवशी फक्त आधीच सैल झालेली जागा दुखायला लागते.

भाच्याची गोष्ट पूर्ण वेगळी. १६ वर्षांच्या मुलाचे फॅसेट झिजलेले नसतात. त्याच्या कडीचं हाडच, म्हणजे पार्स, तुटलं असणार. फास्ट बोलर चेंडू टाकताना पुढचा पाय जमिनीवर आदळतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट जोर कमरेत जातो, आणि त्याच क्षणी कमर मागे वाकलेली, एका अंगाला कललेली आणि पिळलेली असते. हा सगळा ताण एल५च्या त्या अरुंद पट्टीवर येतो. उजव्या हातानं टाकणाऱ्याची सहसा डावी पार्स आधी जाते. एका चेंडूनं ती मोडत नाही. दिवसाला शंभर-शंभर चेंडू, सुट्टी नाही, हाड अजून वाढतंय, अशा वेळी केसाएवढी चीर पडते. त्याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. मुलगा सांगतो, ‘डावीकडे दुखतंय’, घरचे म्हणतात उसण भरली असेल, मलम लावून तो पुन्हा मैदानात जातो. मग उरलेल्या बाजूवर भार येऊन तीही तुटते. दोन्ही कड्या तुटल्या की मणक्याचा पुढचा भाग सरकतो आणि मागची कमान जागेवरच राहते. यामुळेच त्याला तुमच्यासारखे पाय भरून येत नाहीत: कमान मागे राहिल्यानं नसांची मधली वाट उलट मोकळीच असते. त्याला दुखेल ते कमरेत, मागे वाकताना; मांडीच्या मागचे स्नायू आखडतील; पुढे वय वाढल्यावर कदाचित बाहेर पडणारी एल५ची नस बाजूला चिमटली जाईल.

हा दोष चालत्या माणसाचा आहे. १९८१ साली अमेरिकेत, आयुष्यात कधीही चालू न शकलेल्या १४३ जणांच्या कमरेचे एक्स-रे तपासले गेले. एकाच्याही पार्समध्ये चीर सापडली नाही. नवजात बाळातही ती नसते. तिथेच १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पाहणीत पहिलीतल्या ५०० मुलांना मोठं होईपर्यंत तपासत गेले, तर सहाव्या वर्षी ४.४ टक्के आणि मोठेपणी ६ टक्के जणांत ही चीर होती. याचा अर्थ शंभरातल्या पाच-सहा माणसांच्या कमरेत ती असते, आणि त्यातल्या पुष्कळांना ती कधी कळतही नाही. चीर असलेल्यांचा पुढे ४५ वर्षं मागोवा घेतला तेव्हा दिसलं की एकाच बाजूची चीर असलेल्यांचा मणका सरकलाच नाही, आणि ज्यांचा सरकला त्यांचा वेग प्रत्येक दशकात कमी कमी होत गेला. बहिणीला हे जरूर वाचून दाखवा.

घराण्याचा प्रश्न फक्त इथे लागू होतो. पार्सचा आणि जन्मजात हे दोन प्रकार काही कुटुंबांत जास्त दिसतात. भाच्याच्या सख्ख्या भावंडांपैकी कुणी लहान वयात कमरेची तक्रार करत असेल तर एक एक्स-रे काढून घ्यावा. तुमच्या झिजेचा वारसा मात्र त्याच्याकडे गेलेला नाही.

बाकीचे प्रकार तुमच्या घरात नाहीत, पण रिपोर्ट वाचताना माहीत असावेत. जन्मजात प्रकारात एल५ आणि त्रिकास्थीमधले फॅसेट गर्भातच नीट घडलेले नसतात. कडी अडकायला कोयंडाच नसतो. हा वाढीच्या वयात, मुलींमध्ये जास्त, झपाट्यानं सरकू शकतो, आणि सगळ्या प्रकारांत मला काळजी याचीच वाटते. अशी मुलगी गुडघे वाकवून चालते, तिची कंबर खोल दिसते, पुढे वाकता येत नाही. मुलीची चालण्याची ढबच तशी आहे म्हणून घरचे सोडून देतात, सोडू नये. बेल्जियममधल्या एर्बिन्यो या प्रसूतितज्ज्ञानं १७८२ साली नोंदवलं होतं की खूप पुढे आलेल्या मणक्यामुळे बाळाची वाट अडून बाळंतपण अवघड झालं. या आजाराचं हे बहुधा सर्वांत जुनं वर्णन. अपघाताचा प्रकार झाडावरून, विहिरीत पडणं किंवा गाडीचा मोठा अपघात यांतून होतो, त्यात पार्स सोडून कमानीचा दुसरा भाग मोडतो. हाडाच्या आजाराच्या प्रकारात हाडच पोखरलेलं असतं, गाठीनं किंवा जंतुसंसर्गानं. आपल्याकडे क्षयरोग विसरून चालत नाही: रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी, बारीक ताप, वजन घटणं, यांतलं काही असेल तर एक्स-रेवर न थांबता पुढच्या तपासण्या करायच्या. आणि आधीच्या ऑपरेशनमध्ये दाब काढताना फॅसेटचा फार भाग गेला तर पुढे मणका सरकतो, तो सहावा. रिपोर्टवर कधी ‘रेट्रोलिस्थेसिस’ असतं, म्हणजे मणका थोडा मागे सरकला आहे. बहुतेकदा ती चकतीच्या झिजेची खूण असते.

आता ग्रेड. अमेरिकेतल्या मेयरडिंग यांनी १९३२ साली ही मोजणी आणली. खालच्या मणक्याच्या माथ्याचे चार सारखे भाग करायचे आणि वरचा किती भाग पुढे आला ते पाहायचं. पाव भागापर्यंत ग्रेड १, अर्ध्यापर्यंत २, पाऊण भागापर्यंत ३, त्यापुढे ४. पूर्ण निसटला तर ५. ग्रेडवरून फक्त अंतर कळतं. तुम्हाला चालवत नाही आणि भाचा ग्रेड १ घेऊन धावतो, ते यामुळेच. आणखी एक: एमआरआय झोपवून काढतात, आणि झोपल्यावर सैल मणका पुष्कळदा परत जागेवर जातो. म्हणून उभं राहून काढलेला बाजूचा एक्स-रे, आणि पुढे वाकून व मागे वाकून काढलेले दोन, हे हवेतच. मणका हलतो आहे की आहे तिथे घट्ट बसला आहे, हे त्यांतून कळतं आणि ऑपरेशनचा निर्णय त्यावर बराच अवलंबून असतो. तुमचा एक्स-रे झोपवून काढलेला असेल तर पुन्हा काढून घ्या.

हातानं मणका बसवणाऱ्याकडे पाऊलही टाकू नका. कुणाचाही हात तो मागे नेऊन तिथे टिकवू शकत नाही. आधीच आवळलेल्या नसांवर हिसका बसला तर जे टाळायचं आहे तेच घडेल.

दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम आधी मनापासून तीन महिने करा, फिजिओथेरपिस्टकडून शिकून. तुमच्यासाठी कमर पुढे झुकवणारे व्यायाम: उताणं झोपून गुडघे छातीशी आणणं, पोट आत घेऊन कमर जमिनीला टेकवणं, पोटाचे आणि नितंबाचे स्नायू बळकट करणं. जागेवरची सायकल उत्तम. भुजंगासन, धनुरासन, चक्रासन सध्या बंद, कारण मागे वाकलं की तुमच्या नसांची वाट आवळते. वर्गात सलग उभं राहू नका. एक पाय पाटावर ठेवून, टेबलाला टेकून शिकवा. कमरेचा पट्टा प्रवासापुरता ठीक, दिवसभर बांधला तर स्नायू आळशी होतात. दुखण्याच्या गोळ्या स्वतःच्या मनानं रोज घेऊ नका, मूत्रपिंड आणि पोट दोन्ही बिघडतात. हाडांची घनता एकदा मोजून घ्या. पुढे कधी स्क्रू टाकायची वेळ आली तर ते कशात बसणार, हे आधी माहीत असलेलं बरं.

एवढं करूनही चालणं घरापुरतंच उरलं, किंवा पायातली ताकद कमी होऊ लागली, तर ऑपरेशनला घाबरू नका. योग्य रुग्णाला त्याचा चांगला गुण येतो. मात्र सर्जनना एक प्रश्न विचारा: फक्त नसांवरचा दाब काढणार, की मणके स्क्रूनं जोडणारही? स्वीडनमधल्या २०१६च्या आणि नॉर्वेतल्या २०२१च्या अभ्यासांत दिसलं, की झिजेच्या प्रकारात नुसता दाब काढलेल्यांनाही जोडणी केलेल्यांइतकाच आराम पडला. प्रत्येकाला ते लागू होत नाही. मणका फार हलत असेल तर जोडणीची गरज भासू शकते. पण तुमच्या बाबतीत स्क्रू का, याचं उत्तर तुम्हाला मिळायलाच हवं.

वारीला जा. लोणंदहून चांदोबाच्या लिंबापर्यंत टप्प्याटप्प्यानं चाला, उभं रिंगण पाहा आणि तिथून तरडगाव, फलटण वाहनानं करा. पाय भरायच्या आधीच बसायचं, भरल्यावर नाही. घडीचा छोटा स्टूल बरोबर ठेवा. डोक्यावर तुळस यंदा घेऊ नका. भार घेऊन ताठ चालणं हेच तुमच्या नसांना सर्वांत जड जातं.

भाच्याची बोलिंग आजपासून थांबवा. साधारण तीन महिने, आणि दुखणं पूर्ण गेल्यावर हळूहळू पुन्हा. चीर ताजी आहे की जुनी, हे एमआरआय आणि सीटी स्कॅनवरून कळेल. ताजी असेल तर विश्रांतीनं भरून येण्याची आशा असते. दोन्ही बाजूंची जुनी असेल तर ती सहसा भरत नाही, तरी पोट-पाठीचे स्नायू तयार करून दुखणं नसताना खेळता येतं. जसप्रीत बुमराहच्या कमरेला २०१९ साली स्ट्रेस फ्रॅक्चर झालं, २०२३च्या मार्चमध्ये पाठीची शस्त्रक्रिया झाली आणि ऑगस्टमध्ये तो आयर्लंडमध्ये पुन्हा गोलंदाजी करत होता. भाच्याला हे सांगा, पण प्रशिक्षकांना त्याहून आधी भेटा: आठवड्याला किती षटकं टाकतो, सामना आणि सराव धरून, हे कुणीतरी वहीत लिहायला हवं, आणि कंबर एकीकडे, खांदे दुसरीकडे पिळणारी त्याची ॲक्शन कुणीतरी पाहायला हवी. उंची वाढायची थांबेपर्यंत दर सहा-आठ महिन्यांनी उभं राहून एक एक्स-रे काढा आणि आधीच्याशी ताडून पाहा. मणका आणखी सरकताना दिसला, तर ते एक्स-रे घेऊन बाल-अस्थिरोगतज्ज्ञ किंवा मणक्याच्या सर्जनकडे जायचं.